चतुष्पादातील चौथा पाद : एच.आय.व्ही. प्रतिबंधाने वैद्याला शिकविलेला धडा



तालुक्याच्या गावी दवाखाना थाटल्यास मला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. साल २००५. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू होता. एके सायंकाळी तिशीतील एक स्त्री आली. घटत चाललेले वजन, मंद ज्वर, वारंवार अतिसार, मुखपाक, त्वचेवर कंडू. अष्टविध परीक्षा यथासांग केली, केसपेपरवर 'ओजःक्षय, राजयक्ष्म्याचे पूर्वरूप' असे लिहिले आणि सुवर्णमालिनी वसंत, अश्वगंधा चूर्ण व च्यवनप्राश अशी योजना केली. नंतर मनात एक शंका आली. ती विचारावयास हवी होती यात संशय नाही. पण मी ती बाकावर बसलेल्या पाच-सहा रुग्णांच्या देखत विचारली. "धंदा करतेस का?" ती काही बोलली नाही. पैसे टेबलावर ठेवले, पुड्या घेतल्या आणि निघून गेली. ती पुन्हा आली नाही.

काही महिन्यांनी दुसरी एक स्त्री आली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत निरोधची पाकिटे. वस्तीतल्या बायकांमध्ये आरोग्यशिक्षणाचे काम करणारी, आणि त्याच व्यवसायातील. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ती तुमच्याकडं आली होती. तुमी जे विचारलं त्यानंतर ती कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही. गेल्या महिन्यात वारली. भांडायला आले नाही मी. आमच्या बायका तुमच्या दारात याव्यात का नको, एवढं सांगा."

रक्ताची मोफत तपासणी त्या वेळी जिल्ह्याच्या ठिकाणी होत होती. विषाणुरोधक औषधे, म्हणजेच ए.आर.टी., १ एप्रिल २००४ पासून शासकीय रुग्णालयांतून मोफत देण्यास प्रारंभ झाला होता आणि पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्र होता. माझ्या दवाखान्यातून ती बाई योग्य ठिकाणी पोहोचली असती, तर कदाचित वाचली असती. माझे निदान अपुरे होते हे खरे. परंतु अधिक मोठी चूक निदानात नव्हती, वर्तनात होती. त्या भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास मला बरीच वर्षे लागली. प्रस्तुत लेख हे त्या शोधाचेच टिपण होय.

चतुष्पादाचा विसरलेला अर्थ

चिकित्सेचे चार पाद आपण प्रथम वर्षापासून पाठ करीत आलो आहोत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार गुण, असे एकूण सोळा गुण. भिषक् आणि द्रव्य यांविषयी आपण पुष्कळ लिहितो, बोलतो. परिचारकाविषयी थोडे. रोग्याच्या चार गुणांविषयी मात्र परीक्षेतील उत्तरापलीकडे फारसा विचार होत नाही. स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व हे ते चार गुण. रोग्यास आपला इतिहास आठवावा, त्याने सांगितलेले पाळावे, त्याने भिऊ नये आणि आपली व्यथा वैद्यास पूर्णपणे सांगता यावी.

यातील शेवटचे दोन गुण पाहा. ज्या स्त्रीला पोलीस, सावकार, घरमालकीण, गिऱ्हाईक आणि गावकरी या सर्वांचीच भीती आहे, तिच्या ठायी अभीरुत्व कोठून यावे? खरे सांगितल्याबरोबर जिचा चारचौघांत अपमान होतो, तिच्या ठायी ज्ञापकत्व कसे यावे? हे गुण रोगी जन्मतः बरोबर घेऊन येतो असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः ते त्याच्या भोवतालची माणसे त्याला देतात किंवा त्याच्याकडून हिरावून घेतात. एच.आय.व्ही. प्रतिबंधाचा गेल्या तीन दशकांतील इतिहास म्हणजे या चौथ्या पादाला हे गुण मिळवून देण्याचा इतिहास आहे, असे माझे मत बनले आहे.

आरंभीची दिशाभूल

भारतात एच.आय.व्ही.चे पहिले निदान १९८६ मध्ये चेन्नईत झाले. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्तनमुन्यांवरून ते केले. पुढील काही वर्षे समाजाची आणि शासनाची प्रतिक्रिया ही प्रामुख्याने भयाची होती. तामिळनाडूत बाधित आढळलेल्या स्त्रियांना सुधारगृहांत डांबून ठेवण्यात आले. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केल्यावर तो बाधित असल्याचे उघड झाले. त्यास सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन सुमारे दोन महिने कोंडून ठेवले गेले. या कोंडण्यातून एकही नवी बाधा टळली नाही. उलट, तपासणी म्हणजे अटक, असा समज दृढ झाला आणि ज्यांनी तपासणीस यावयास हवे होते ते दूर पळाले.

आपल्या शास्त्राच्या अंगानेही येथे एक गैरसमज होतो. हा व्याधी प्रज्ञापराधजन्य, सबब रोगी स्वतःच दोषी, असे सरळ समीकरण काही व्यासपीठांवर मांडले जाते. जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात चरकाचार्यांनी अधर्मास मूळ कारण मानले आहे, हे खरे. परंतु तो अधर्म देश, नगर आणि जनपद यांच्या प्रमुखांपासून सुरू होतो आणि मग खाली प्रजेपर्यंत झिरपतो, असा तेथील क्रम आहे. दोषाचा हिशेब मांडावयाचाच तर तो वरून मांडावा लागेल. वस्तीतील एकट्या बाईपासून नव्हे.

सोनागाची : एकटीला जे अशक्य, ते सर्वांना शक्य

१९९२ मध्ये कोलकात्यातील अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या डॉ. स्मरजित जाना यांनी सोनागाची या वस्तीत सर्वेक्षण व प्रतिबंधाचे काम हाती घेतले. तेव्हा नियमित निरोध वापरणाऱ्या स्त्रिया १०० मध्ये ३ देखील नव्हत्या. त्यांना रोगाची माहितीच नव्हती, असे एक सोपे कारण देता आले असते. परंतु माहिती देऊनही वापर वाढेना, तेव्हा खरी कारणे पुढे आली.

एखादीने गिऱ्हाइकाला निरोध वापरण्याचा आग्रह धरला, तर तो शेजारच्या खोलीत जातो. शेजारची नकार देत नाही, कारण तिला सावकाराचे व्याज सायंकाळपर्यंत भरावयाचे असते. जवळ निरोध सापडला तर पोलीस तोच पुरावा धरतात, म्हणून बायका तो जवळ बाळगीत नाहीत. म्हणजे, 'निरोध वापरा' हा उपदेश एकेका स्त्रीला करणे व्यर्थ होते. वस्तीतील सर्वांनी मिळून नकार दिला, तरच तो नकार टिकणार होता.

या विचारातून कामाची पद्धत पालटली. त्याच वस्तीतील स्त्रियांना आरोग्यशिक्षिका म्हणून नेमण्यात आले. त्या दारोदार जाऊन सख्यांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागल्या. गुप्तरोगांवर उपचार करणारे दवाखाने वस्तीतच, त्यांच्या सोयीच्या वेळी उघडले. १९९५ मध्ये 'दुर्बार महिला समन्वय समिती' ही त्यांची स्वतःची संघटना उभी राहिली. त्याच वर्षी 'उषा' ही सहकारी पतसंस्था स्थापन झाली. नोंदणीच्या वेळी सभासदांच्या चारित्र्यासंबंधीचे कलम आडवे आले. 'गृहिणी' असे लिहून काम भागवा, असा सल्लाही मिळाला. त्या स्त्रियांनी तो नाकारला आणि स्वतःच्या व्यवसायाच्या नावानेच नोंदणी मिळविली. पतसंस्थेमुळे सावकाराचा फास सैल झाला आणि सावकाराचा फास सैल झाल्यामुळे 'नाही' म्हणण्याचे बळ आले. आर्थिक उपाय हा येथे प्रत्यक्ष रोगप्रतिबंधक उपाय ठरला.

परिणाम काय झाला? त्या दशकाच्या अखेरीस निरोधचा वापर ८० टक्क्यांवर गेला. मुंबईतील वेश्यावस्त्यांमध्ये बाधेचे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर गेलेले असताना सोनागाचीत ते १० टक्क्यांच्या आसपास वा त्याखाली राहिले. डॉ. जाना २०२१ मध्ये निवर्तले. त्यांनी रुजविलेली पद्धत पुढे देशाच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातील लक्ष्यगट प्रकल्पांचा पाया बनली.

सांगली : आपल्या दारातील उदाहरण

कोलकाता दूर वाटत असेल तर सांगलीकडे पाहावे. १९९२ मध्ये मीना सेषू यांनी 'संग्राम' ही संस्था स्थापून सांगलीच्या गोकुळनगर वस्तीत काम सुरू केले. सांगली, मिरज आणि सीमेपलीकडील निपाणी हा पट्टा देवदासी प्रथेने पोळलेला. येथील अनेक स्त्रिया सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या घराण्यांतील. 'बाहेरून येऊन आम्हाला उपदेश करणाऱ्यांनी आधी आमचे ऐकावे' ही त्यांची भूमिका पहिल्यापासून स्पष्ट होती. निरोध कोणी वाटावेत, कोठे वाटावेत, आजारी सखीला रुग्णालयात कोणी न्यावे, हे वस्तीतील स्त्रियाच ठरवू लागल्या. १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही त्यांची संघटना साकारली. कोण आजारी आहे, कोणाचे मूल शाळेतून काढले, कोणाला पोलिसांनी नेले, या सर्व गोष्टी संघटनेच्या कामात आल्या, कारण त्या बाईच्या दृष्टीने या गोष्टी वेगळ्या नव्हत्याच.

चरकाचार्यांनी उपस्थात्याचे जे चार गुण सांगितले आहेत, उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच, ते मी पुस्तकाबाहेर प्रथम पाहिले ते या आरोग्यशिक्षिकांमध्ये. शाळेची चौथीही न गाठलेल्या बायका औषधांच्या वेळा, तपासणीची तारीख आणि क्षयाची लक्षणे बिनचूक सांगतात. त्यांच्या ठायी अनुराग आहे, कारण आजारी बाई त्यांची शेजारीण आहे. येथे उपस्थाता आणि रोगी हे दोन पाद एकाच वस्तीतून, पुष्कळदा एकाच व्यक्तीतून उभे राहिले आहेत.

हीच पद्धत इतर गटांतही फलद्रूप झाली. मुंबईत १९९४ मध्ये अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या 'हमसफर ट्रस्ट'ने समलिंगी पुरुष आणि तृतीयपंथी यांच्यामध्ये काम उभे केले. त्या वेळी समलिंगी संबंध हा भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ खाली गुन्हा होता. सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीपुरते ते कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्दबातल ठरविले. जे अस्तित्वच गुन्हा मानले जाते ते दवाखान्यात प्रकट कसे होणार, हा प्रश्न तेथेही होताच.

नव्या व्याधीस जुने नाव देण्याचा मोह

आता थोडे आपल्या घरातील. एच.आय.व्ही. बाधा म्हणजेच ओजःक्षय, किंवा राजयक्ष्मा, असे प्रतिपादन करणारे पुष्कळ लेख आपल्याकडे आले. लक्षणांचे साधर्म्य निर्विवाद आहे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात प्रसंग, गात्रसंस्पर्श, निःश्वास, सहभोजन इत्यादी मार्गांनी एका मनुष्यातून दुसऱ्यात संक्रांत होणाऱ्या औपसर्गिक रोगांत शोषाची गणना केली आहे, हेही लक्षणीय होय. पण साधर्म्य म्हणजे ऐक्य नव्हे. उलट याच सुश्रुतवचनाचा अर्धवट आधार घेऊन सहभोजनाने वा स्पर्शाने एच.आय.व्ही. पसरतो असे कोणी म्हणेल, तर ते धादांत असत्य ठरेल. हा विषाणू असुरक्षित संभोग, दूषित रक्त वा सुई, आणि बाधित मातेकडून अपत्यास, याच मार्गांनी जातो.

सोळाव्या शतकात भावमिश्रांपुढे फिरंग रोग आला, तेव्हा त्यांनी त्यास उपदंशाच्या जुन्या चौकटीत कोंबले नाही. नवा व्याधी म्हणून नवे नाव दिले, त्याचा संसर्गमार्ग सांगितला आणि चोपचिनीसारखे परदेशी द्रव्यही स्वीकारले. हे धैर्य आपल्या परंपरेचेच आहे. त्यास अनुसरून बोलावयाचे तर एच.आय.व्ही.वर विषाणुरोधक औषधे हीच मुख्य चिकित्सा होय. रसायन, दीपन-पाचन आणि पथ्य यांचे स्थान साहाय्यभूत आहे. 'एड्स समूळ बरा करतो' अशी जाहिरात करणारा वैद्य रोग्याची औषधे बंद पाडतो. ए.आर.टी. सोडून काढ्यावर विसंबलेला आणि सहा महिन्यांनी क्षयाने खंगून परतलेला एक ट्रकचालक मी स्वतः पाहिला आहे. तेथे आपल्या शास्त्राची मान खाली गेली.

दवाखान्यात काय करावे?

अनुभवावरून काही गोष्टी नम्रपणे सुचवितो.

१) एकांत. इतिहास घेताना तिसरी व्यक्ती नसावी. प्रश्न सर्वांना सारख्याच शब्दांत विचारावा, म्हणजे कोणास वेगळे काढल्यासारखे वाटत नाही. व्यवसायाविषयीचे कुतूहल आवरावे. चिकित्सेस आवश्यक तेवढेच विचारावे.

२) लैंगिक संक्रमणांकडे लक्ष. श्वेतप्रदर, योनिकंडू, मूत्रदाह, शिश्नव्रण या तक्रारी घेऊन येणारे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ असतात, कारण मोठ्या रुग्णालयात जाण्याचा संकोच असतो. अशा संक्रमणामुळे एच.आय.व्ही. बाधेची शक्यता वाढते. स्थानिक चिकित्सेवर न थांबता जोडीदारासह तपासणीस पाठवावे.

३) संमती आणि गोपनीयता. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न बोलण्याची आज्ञा चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्यास दिली आहे. २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, तीच गोष्ट आता बंधनकारक केली आहे. माहितीपूर्ण संमतीवाचून तपासणी नाही आणि संमतीवाचून निदान उघड करणे नाही. केसपेपरवर लाल शाईने खूण करणे हादेखील भंगच होय.

४) योग्य ठिकाणी पाठवणी. शासकीय रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात तपासणी मोफत होते. १०९७ या मोफत दूरध्वनी क्रमांकावर माहिती मिळते. २०१७ पासून बाधा आढळताच, पेशींची संख्या काहीही असली तरी, औषधे सुरू करण्याचे धोरण आहे. गर्भिणीची तपासणी वेळीच झाली तर बालकास होणारी बाधा बहुतांशी टळते. सुई टोचणे वा तत्सम संपर्क घडल्यास ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले, प्रतिबंधक औषधे सुरू करून ती २८ दिवस घ्यावी लागतात. हे शस्त्रकर्म, रक्तमोक्षण वा क्षारकर्म करणाऱ्या वैद्यांनी ध्यानी ठेवावे.

५) औषधयोजनेतील सावधानता. सध्याच्या प्रथम पंक्तीच्या ए.आर.टी.मध्ये डोल्युटेग्राविर हे द्रव्य असते. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम यांच्यासह घेतल्यास त्याचे शोषण घटते. म्हणून उपाशीपोटी घ्यावयाचे असल्यास ते अशा द्रव्यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावे, असा दंडक आहे. शंखभस्म, प्रवाळ, मौक्तिक, मंडूर, लोहभस्म यांची योजना करताना आपणही हे अंतर राखावे, हे युक्तीस धरून होईल. कोणतेही कल्प देण्यापूर्वी ए.आर.टी. केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यास कळवावे आणि रुग्णासही तसे सांगण्यास सांगावे.

६) आशा द्यावी, खोटी नव्हे. नियमित औषधांनी रक्तातील विषाणूंचे प्रमाण चाचणीत न आढळण्याइतके कमी झाले आणि तसेच टिकले, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक मार्गाने जोडीदारास बाधा होत नाही, हे आता सिद्ध झालेले आहे. हे वाक्य रुग्णाला सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जो पालट होतो, तो कोणत्याही रसायनाने मी पाहिलेला नाही.

अजून शिल्लक असलेले काम

देशात आज सुमारे २५ लक्ष व्यक्ती एच.आय.व्ही.सह जगत आहेत आणि राज्यवार संख्येत महाराष्ट्र सर्वांत पुढे आहे. प्रौढांतील प्रमाण ०.२ टक्क्यांच्या आसपास स्थिरावले आहे. वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये २०२१ च्या पाहणीत ते २ टक्क्यांखाली आले होते. ज्या गटाला रोगाचे मूळ मानले गेले, त्यानेच प्रतिबंधात सर्वांत मोठा वाटा उचलला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. मात्र त्याच पाहणीत समलिंगी पुरुष व तृतीयपंथी यांच्यात हे प्रमाण ३ ते ४ टक्के, तर सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांत सुमारे ९ टक्के आढळले. शिवाय वस्त्या विरळ होत आहेत. गिऱ्हाईक आता भ्रमणध्वनीवर ठरते, आणि एका गल्लीत सर्व भेटत असत ते दिवस सरत आहेत. आरोग्यशिक्षिकेला आता दार कोठले ठोठवावे, हाच प्रश्न पडतो. अशा वेळी विखुरलेली ही माणसे प्रथम येण्याचा संभव आपल्यासारख्या गल्लीतील वैद्याकडेच अधिक.

१९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेश्याव्यवसायातील व्यक्तींना सन्मानाने वागविण्याविषयी निर्देश दिले. निरोध जवळ असणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, हेही त्यांत आहे. सोनागाचीतील स्त्रिया १९९२ मध्ये हेच सांगत होत्या.

संघटनेच्या शाखांना माझी एक विनंती आहे. आपल्या मासिक सभांतून आपण तज्ज्ञांची व्याख्याने ठेवतो. वर्षातून एकदा तरी जिल्ह्यातील लक्ष्यगट प्रकल्पातील आरोग्यशिक्षिकेस वा तृतीयपंथी कार्यकर्त्यास सन्मानाने पाचारण करावे आणि तासभर केवळ ऐकावे. आपल्या दवाखान्याविषयी त्यांचे जे मत असेल, ते कदाचित कटू असेल. पण मी आयुष्यात घेतलेल्या औषधांपैकी तेच मला सर्वांत अधिक लागू पडले.

त्या भगिनीस मी उत्तर दिले ते शब्दांनी नव्हे. दवाखान्यातील बाक आजही तेथेच आहे. तपासणीच्या खोलीला मात्र त्याच वर्षी मी दार बसवून घेतले. पहिले वर्षभर वस्तीतील कोणीही आले नाही. त्यानंतर एका दुपारी ती स्वतः आली, तापाची तक्रार घेऊन, आणि जाताना म्हणाली, "उद्या दोघीजणींना पाठवते."

इत्यलम्.